मिठ्ठूची टिंग, बेगमची टिंग टिंग

राळेगावच्या अय्यूब कंडक्टरने घरात दुसरा पोपट आणायचं ठरवलं, यात वाईट काहीच नव्हतं. माणूस मनाने चांगला. त्याचे सगळे घोटाळे चांगुलपणातूनच निघत, आणि कमरुन्निसाची तक्रार नेमकी तीच होती.

झालं होतं असं. वर्षभरापूर्वी कमरुन्निसा लग्न होऊन वणीहून राळेगावला आली, तेव्हा तिच्यासोबत एक लोखंडी पेटी, एक पानदान आणि एक पोपट आला. पोपटाचं नाव मिठ्ठू. (नाव ठेवताना वणीकरांनी फार डोकं चालवलं नव्हतं.) गळ्यात लाल-काळी कंठी, लांबलचक शेपटी आणि दांडीवरून चालण्यात मोठा रुबाब. घरट्यातून पडलेलं एवढंसं पिल्लू होतं तेव्हा कमरूच्या अम्मीने, म्हणजे जैबुनबीने, त्याला चमच्याने डाळ भरवून वाढवलं होतं. पाठवणीच्या दिवशी जैबुनबी आधी लेकीच्या गळ्यात पडून रडली आणि मग पिंजऱ्याला धरून रडली. त्यातल्या कोणत्या वेळी ती जास्त रडली, यावर वणीत अजून एकमत झालेलं नाही.

आता कमरू काही नवऱ्याचं नाव घेणारी नव्हती. अय्यूबला हाक मारायची झाली की ती म्हणे, "अजी, सुनते क्या?" त्या घरात बोली अर्धी उर्दू आणि अर्धी वऱ्हाडी, पण नवऱ्याला हाक मारायची ती उर्दूतच. मिठ्ठूने नेमकं तेवढंच उचललं. तोच आवाज, तोच हेल, शेवटी 'क्या'वर तोच जरासा वैताग. अय्यूब जेवायला बसला की मागच्या अंगणातून हाक येई, "अजी, सुनते क्या?" बिचारा हातातला घास टाकून अंगणात जाई. तिथे पोपट एका डोळ्याने त्याच्याकडे बघत बसलेला. अय्यूब परत येऊन बसतो न बसतो तोच पुन्हा, "अजी, सुनते क्या?" म्हणून हा बसूनच राही, तर या वेळी ती खरोखरची कमरू असे आणि चुलीवरचं दूध उतू गेलेलं असे.

"हा एकटा हाये ना, म्हनून बोलावते," अय्यूब एकदा म्हणाला. "त्याले जोडीदारीन आनून देतो. मंग तो तिले बोलावन, मले नाही."

"भांडले तर?" कमरूने विचारलं.

अय्यूब हसला. भांडण हा शब्द त्याच्यापुढे काढणं म्हणजे त्याच्या खात्यातला शब्द काढणं होतं. राळेगाव-यवतमाळ गाडीवर तो कंडक्टर झाल्यापासून त्या गाडीत भांडणं सुरू होत, पण पुढच्या थांब्यापर्यंत टिकत नसत. दोघे एका खिडकीवरून हमरीतुमरीवर आले की अय्यूब तिकिटाचा पंच टकटक वाजवत मध्ये उभा राही. "सरका ना राजेहो, थोडकसे सरका. एकानं खिडकी घ्या, एकानं दांडा घ्या. कळंबले अदलाबदल." आणि लोक खरंच सरकत. एकमेकांच्या बांधावर कुऱ्हाडी घेऊन उभे राहणारे भाऊबंदसुद्धा अय्यूबच्या गाडीत मांडीला मांडी लावून बसत, असा त्याचा लौकिक. (हा लौकिक तो स्वतःच सांगे, पण सांगायचा छान.)

"मायाच्यानं साठ मानसं एका गाडीत बसते," तो म्हणाला, "अन् दोन पाखरं एका दांडीवर नाही बसनार?"

कळंबच्या बाजारात धावजी नावाचा तांड्यावरचा माणूस पाखरं विकायला बसायचा. त्याच्याकडून अय्यूबने एक पोपटीण आणली. कंठी नाही, अंगाने बारीक, नजर खाली. "लय गरीब हाये," धावजी म्हणाला होता. अय्यूबने तिचं नाव बेगम ठेवलं, पिंजऱ्याचं दार उघडलं, तिला आत सोडलं आणि हात झटकून चहा मागितला.

चहा आला तेव्हा बेगम वरच्या दांडीवर होती आणि मिठ्ठू पिंजऱ्याच्या तळाशी, पाण्याच्या वाटीत.

गरीब बेगमने आल्या आल्या घराचा ताबा घेतला होता. वरची दांडी तिची. डाळीची वाटी तिची. मिरची तिची, आणि मिठ्ठूने तोंडात धरलेली मिरचीसुद्धा तिची. मिठ्ठू वर चढू लागला की ती त्याच्या बोटावर चोच मारी. मिठ्ठूही काही कमी नव्हता. ती डोळे मिटून बसली की तो खालून तिची शेपटी ओढी. मग पिसं, डाळीची सालं आणि किंचाळ्या, तिन्ही एकदम अंगणभर.

"सरका ना राजेहो," अय्यूब पिंजऱ्याशी वाकून म्हणाला, "थोडकसे सरका." आणि समजावणीला म्हणून त्याने बोट आत घातलं. मग दिवसभर तो तिकिटाचा पंच डाव्या हाताने वाजवत होता.

पण हार मानेल तो अय्यूब कसला. त्याने पिंजऱ्यात दुसरी दांडी बसवली. दोघेही पहिलीवरच भांडू लागले. दुसरी वाटी ठेवली, तर तिच्यात बेगम आंघोळ करू लागली. मग गाडीवरची एक जुनी लाकडी पाटी, 'राळेगाव' लिहिलेली, आणून त्याने पिंजऱ्याच्या मधोमध उभी ठोकली. पाटी वरपर्यंत पोचत नव्हती. तेव्हा दोघे पाटीच्या दोन बाजूंनी वर चढून काठावर समोरासमोर भांडू लागले, आणि उरलेल्या वेळात त्यांनी ती पाटी कुरतडून 'राळेगाव'चं 'गाव' करून टाकलं.

शेवटी अय्यूबच्या डोक्यात घंटी आली. यवतमाळच्या डेपोत एक जुनी गाडी मोडीत निघाली होती. फोरमनच्या हातापाया पडून त्याने तिच्यातली घंटी मिळवली आणि अंगणात पिंजऱ्याशेजारी टांगली.

"आता पाह्य," त्याने कमरूला समजावलं. "भांडन सुरू झालं की टिंग. एक घंटी म्हंजे गाडी थांबली. पिंजऱ्यावर कपडा टाकाचा. अंधारात पाखरू भांडत नाही. चूप झाले की टिंग टिंग. दोन घंट्या म्हंजे गाडी चालू. कपडा काढाचा. अख्खं महामंडळ याच्यावर चालते, दोन पोपट कसे नाही चालनार?"

आठवडा गेला नसेल, दोन्ही पाखरांनी घंटी शिकून घेतली. अगदी हुबेहूब, पितळेच्या खणखणीसकट. मिठ्ठूच्या ध्यानात आलं की 'टिंग' म्हटलं की कपडा पडतो आणि मार चुकतो. बेगमला अंधाराचा तिटकारा, तिच्या ध्यानात आलं की 'टिंग टिंग' म्हटलं की उजेड येतो. मग काय, मिठ्ठू म्हणे टिंग, आणि कमरू भाकरी टाकून कपडा घालायला धावे. बेगम म्हणे टिंग टिंग, आणि कमरू पिठाच्या हातांनी कपडा काढायला धावे. नवरा दिवसभर ड्यूटीवर, आणि ही घरात दोन पाखरांच्या हुकमाखाली.

त्यातच वणीहून येणाऱ्या एका उतारूने निरोप आणला की जैबुनबी येत आहे. लेकीचं घर पाहायला, पहिल्यांदाच. शुक्रवारपर्यंत पोचेल.

कमरूने निरोप ऐकला आणि पिंजऱ्याकडे पाहिलं. मिठ्ठूच्या मानेवर टक्कल पडलं होतं. त्या लांबलचक शेपटीतलं एकच पीस शिल्लक होतं, तेही वाकडं. रुबाब तर पार गेला होता. कमरू मटकन खाली बसली आणि तिच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"अम्मीनं मायापेक्षा जास्त जपला त्याले," ती म्हणाली. "काय सांगू तिले? तुमच्या दामादानं कंडक्टरी केली याच्यावर?"

"मी बेगमले परत करतो ना. आत्ताच काढतो."

"तिचा काय कसूर?" कमरू उसळली. "मी आली तवा अम्मीनं काय सांगतलं होतं तुमाले? पोरीची पेटी ठेवाले आधी येगळा कोपरा द्या, मंग बाकीचं. तुमी देल्ला मले कोपरा. तिले देल्ला का? दुसऱ्याच्या घरात ढकललं अन् म्हनता सरकून बसा!"

अय्यूबला यातलं काही ऐकू गेलं नाही. कारण कमरू शेवटी जे म्हणणार त्याच्या भीतीने त्याचे कान आधीच बंद झाले होते. ती म्हणाली, "हे भांडन मिटवा, नाहीतर अम्मी आली की तिच्यासंगं मी अन् मिठ्ठू वणीले जातो. मिठ्ठूले पिसं येतवरी येत नाही."

पोपटाला शेपटी यायला किती दिवस लागतात हे अय्यूबला माहीत नव्हतं, पण लागत असतील तेवढे दिवस कमरूवाचून काढणं त्याला जमणार नव्हतं. लग्नाआधी तो स्टँडवर भजी खाऊन झोपत असे आणि मुक्कामाच्या गावी झोपलो काय आणि घरी झोपलो काय, त्याला काही फरक नव्हता. आता शेवटची फेरी संपली की तो घराकडे जवळजवळ पळत जाई. कोणीतरी आतून "अजी, सुनते क्या?" म्हणावं, यासाठीच तो पळे. (ते कोण म्हणतं याची खात्री नसे, पण तरी.) कमरू गेली आणि पोपटही गेला, तर हाक मारायला पोपटसुद्धा उरणार नव्हता.

बेगमला पिंजऱ्यातून काढायचा त्याने प्रयत्न केला आणि दुसरंही बोट फोडून घेतलं. तेव्हा ठरलं की कळंबच्या बाजाराच्या दिवशी अख्खा पिंजराच गाडीतून न्यायचा. धावजी आपल्या हाताने बेगमला काढून घेईल आणि मिठ्ठू संध्याकाळी घरी परत.

"हाये तेवढा तरी परत आना," कमरू म्हणाली.

सकाळी अय्यूबने पिंजरा गाडीत चढवला आणि आधी स्वतःच्याच हाताने स्वतःच्या पोपटांचं लगेजचं तिकीट फाडलं. कामाला माणूस चोख. पिंजरा त्याने मागच्या बाकावर ठेवला, पण तिथे बसलेल्या जमनीने हरकत घेतली. जमनी म्हणजे तांड्यावरची म्हातारी, दर बाजाराला जाणारी, कोपरापर्यंत बांगड्या आणि तोंडात तंबाखू. बेगमने तिच्या ओढणीवरचा एक आरसा उपटून काढला होता.

"अरं याडी!" म्हातारीने बंजारा बोलीत आईला हाक मारली. "उचल तुयी पाखरं! नाहीतर मी दोघायची चटनी करून खातो!"

अय्यूबने पिंजरा उचलला आणि गाडीत दुसरीकडे कुठे जागा नव्हती म्हणून थेट पुढे नेऊन ड्रायव्हरच्या पाठीमागच्या जाळीला टांगला.

ड्रायव्हर होता मारोतराव. मिशा पांढऱ्या, पाठ ताठ आणि तत्त्व एकच. "समोर पाहाचं काम मायं, मांगं पाहाचं काम तुयं. घंटी वाजली की गाडी हालली, घंटी वाजली की थांबली. कोनं वाजोली हे पाहाचं काम ड्रायव्हरचं नसते." त्याच्या डोक्यावर पाटी होती, 'चालकाशी बोलू नये'. ती पाटी महामंडळाने उतारूंसाठी लावली होती, पण मारोतरावाने ती स्वतःवर लागू करून घेतली होती. गाडी चालू असताना तो कोणाला उत्तर देत नसे.

कळंबच्या अलीकडच्या फाट्यावर गाडी थांबली. बाजाराची गर्दी. दहा-पंधरा माणसं चढली आणि त्यांच्याबरोबर कापसाची भली मोठी बोचकी. अय्यूबने सगळ्यांना आत कोंबलं, "तिकिटं मंग देतो," म्हणाला आणि बोचकी बांधायला मागच्या शिडीने टपावर चढला. एक बोचकं बांधून झालं. दुसऱ्यावर गुडघा देऊन तो दोरी ओढत होता.

आत पिंजऱ्यात बेगमने मिठ्ठूच्या शेवटच्या पिसाला हात घातला. म्हणजे चोच घातली. मिठ्ठू ओरडला, "टिंग!" बेगम म्हणाली, "टिंग टिंग!"

मारोतरावाने गिअर टाकला आणि गाडी हलली.

टपावर अय्यूब आधी बोचक्यावर पडला आणि मग बोचकं अय्यूबवर पडलं. "थांबवा! ओ मारोतराव! मी वरते हाये!" तो ओरडला. वाऱ्याने ते शब्द उचलून मागे राहिलेल्या फाट्याला ऐकवले. त्याने टपाच्या पत्र्यावर दणादणा मुठी मारल्या. मारोतरावाला वाटलं, सामान नीट बांधलेलं नाही. अय्यूबला संध्याकाळी बोलायला हवं, असं त्याने मनाशी ठरवलं.

"कंडक्टर टपावर हाये!" आत कोणीतरी ओरडलं.

मारोतरावाने एका बोटाने डोक्यावरची पाटी दाखवली.

इतक्यात मिठ्ठू ओरडला, "टिंग!" गाडी करकचून थांबली. अय्यूब बोचक्यासकट टपाच्या पुढच्या टोकाला गेला. तिथून उठला, धावत मागे आला, शिडीवर पाय ठेवला, दोन पायऱ्या उतरला. "टिंग टिंग!" गाडी सुटली. अय्यूब जीव मुठीत धरून परत वर. "टिंग!" गाडी थांबली. अय्यूब खाली. "टिंग टिंग!" अय्यूब वर.

रस्त्याकडेच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बायका काम सोडून बांधावर येऊन उभ्या राहिल्या. एसटीची गाडी चार हात चालते, थांबते, पुन्हा चालते, आणि वर एक खाकी कपड्यातला माणूस शिडीवरून खालीवर करतो आहे. महामंडळाचं काही नवीन निघालं असावं, असं त्या आपसात बोलल्या.

आत जमनीला राहवेना. ती सगळ्यांच्या पायांवर पाय देत पुढे आली आणि तिने घंटीची दोरी ओढली. खरी घंटी वाजली, टिंग. गाडी थांबली. खरी घंटी ऐकून दोन्ही पाखरांना चेव आला. टिंग, टिंग टिंग, टिंग, टिंग टिंग टिंग! मारोतरावाच्या उभ्या नोकरीत तीन घंट्या कधी वाजल्या नव्हत्या. तीन घंट्यांचा अर्थ काय, याचा विचार करत त्याने गाडी पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या चालीने नेली. सगळी गाडी आता दोन पक्षांत वाटली गेली होती. उजवीकडचे मिठ्ठूच्या बाजूने आणि डावीकडचे बेगमच्या. "मार त्याले!" "सोडू नको बाप्पा तिले!" आणि या सगळ्या गोंधळात पिंजऱ्यातून एका बाईचा काकुळतीचा आवाज आला, "अजी, सुनते क्या?"

गाडी एकदम चूप झाली.

टपावर तो आवाज अय्यूबला ऐकू गेला. पडल्या पडल्या, सवयीने, त्याने वरून उत्तर दिलं, "आलो!"

कळंबच्या स्टँडवर चेकर उभा होता. (चेकर नेमका असा दिवस पाहूनच उभा असतो.) गाडी थांबली तसा तो आत शिरला.

"तिकिटं काढा. कंडक्टर कुठे आहे?"

सगळ्या गाडीने वर बोट दाखवलं. चेकरला वाटलं, कंडक्टर वारला. त्याने क्षणभर टोपी काढली. तेवढ्यात मागच्या शिडीवरून अय्यूब उतरून आत आला. डोक्यापासून पायापर्यंत कापूस, मिशीत कापूस, बॅगेत कापूस.

"गाडी कोणी सोडली?" चेकरने विचारलं.

सगळ्यांनी पिंजऱ्याकडे बोट दाखवलं. बेगम शांतपणे पंख साफ करत होती. चेकरने एकेकाचं तिकीट मागितलं. फाट्यावर चढलेल्यांतल्या एकाकडेही तिकीट नव्हतं. जमनीने आपलं तिकीट तंबाखूसोबत चघळून टाकलं होतं. त्या गोंधळात अय्यूबने घाईघाईने खिशातून एक तिकीट काढून पुढे केलं.

"हे कोणाचं?"

"साहेब, या दोघायचं. पोपटायचं."

चेकरने ते तिकीट उलटसुलट करून पाहिलं. चोख होतं. मग त्याने अहवाल लिहायला पेन उघडलं, थोडा वेळ कागदाकडे पाहिलं आणि पेन बंद केलं.

"मी काय लिहू?" तो हळू आवाजात म्हणाला. "पोपटांनी घंटी दिली आणि गाडी निघाली? वरचे लोक तुला सोडून देतील. मला नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवतील." आणि पुन्हा असं झालं तर पाहून घेईन, अशी बोटाने ताकीद देऊन तो भराभर उतरून गेला.

अय्यूब पिंजरा घेऊन धावत बाजारात गेला. धावजीने काही विचारलं नाही. हात आत घातला आणि बेगमला अलगद बाहेर काढलं. जाताना तिने त्याच्या बोटाला साधी चोचही लावली नाही, हे पाहून अय्यूबला फार अपमान वाटला.

"झालं," तो म्हणाला आणि पिंजरा उचलून निघाला.

चार पावलं गेला असेल, मिठ्ठू दांडीवरून उतरून तारांना चिकटला. मान लांब करून मागे बघू लागला आणि ओरडला, "अजी, सुनते क्या?" धावजीच्या हातातून बेगमने मान वळवली. "अजी, सुनते क्या? अजी, सुनते क्या?" वरची दांडी मोकळी होती, डाळ मोकळी होती, मिरची मोकळी होती, आणि हा बेटा बाजारभर हाका मारत सुटला. अय्यूबचा पाय उचलेना. आवाज कमरूचा होता. अशा आवाजात तिने आजवर त्याला कधी हाक मारली नव्हती, आणि वणीला गेली तर मारणारही नव्हती. त्याने बाहीने डोळे पुसले. (कापूसही असू शकेल.)

मागून आवाज आला, "टिंग टिंग."

तेव्हा कुठे कमरूचे ते शब्द, कान बंद असताना आत शिरलेले, त्याला ऐकू आले. पोरीची पेटी ठेवायला आधी वेगळा कोपरा द्या.

"धावजी," तो परत फिरून म्हणाला, "ते बांबूचं झाकनाचं टोपलं मले दे. अन् तिले त्याच्यात ठेव. तिले तिचं घर पाह्यजे, बाप्पा. मले समजलंच नाही."

त्या दिवशी यवतमाळ होऊन गाडी राळेगावला परत आली, तेव्हा पिंजरा आणि टोपलं एका बाकावर शेजारी शेजारी होते. सगळ्या वाटेत एक पीस उडालं नाही. परतीला कळंबच्या पुढे तर बेगमने टोपल्याच्या फटीतून चोच काढली आणि मिठ्ठूने तिच्या चोचीत अर्धी मिरची दिली. अय्यूबने ते डोळ्यांनी पाहिलं आणि त्याला इतका आनंद झाला, की त्याने शेजारच्या उतारूला तेच तिकीट दोनदा पंच करून दिलं.

तो घराकडे पळत आला. कमरू आत होती. तिला एकदम दाखवायचं म्हणून त्याने आवाज केला नाही. ओसरीच्या एका वाशाला पिंजरा टांगला आणि दुसऱ्या वाशाला टोपलं टांगू लागला. दिवसभराचं अंग ठणकत होतं, मिशीत अजून कापूस होता, पण मन असं हलकं झालं होतं की बस. दोरीला गाठ मारत असतानाच मागून आवाज आला, "अजी, सुनते क्या?"

आता मात्र हद्द झाली. दिवसभर त्या आवाजाच्या मागे तो टपावर चढला-उतरला होता. मान न वळवताच तो गरजला, "चूप बस! आनखी एक शब्द काढला तर तोंडावर कपडा टाकतो, अन् उद्या बजारात देऊन येतो!"

मिठ्ठू समोर होता. त्याची चोच मिटलेली होती. अय्यूबने हळूच मान वळवली. दारात कमरू उभी होती, आणि तिच्या शेजारी नुकतीच गाडीतून उतरलेली, हातात बोचकं घेतलेली जैबुनबी. शुक्रवारपर्यंत म्हणजे शुक्रवारीच, हे अय्यूबने धरलं होतं. तिने नव्हतं धरलं.

"दुल्हेमियाँ," जैबुनबी म्हणाली, "मी तं अजून बसली बी नाही."

पुढचं सगळं सांगत बसत नाही. जैबुनबीने आधी मिठ्ठूची मान पाहिली आणि अय्यूबकडे पाहिलं. मग बेगमचं टोपलं पाहिलं, दोघांनी फटीतून एकमेकांना डाळ दिली ते पाहिलं आणि पुन्हा अय्यूबकडे पाहिलं. दुसऱ्या वेळचं पाहणं जरा मऊ होतं. कमरू वणीला गेली नाही. ती म्हणाली, "तिले कोपरा देल्ला ना तुमी? मंग बस." आणि आत वळली, तेव्हा हसत होती. एवढ्यासाठी अय्यूब पुन्हा एकदा टपावर चढायला तयार होता.

कमरू गेली नाही म्हणून जैबुनबीही गेली नाही. मिठ्ठूला पिसं येईपर्यंत राहते, म्हणाली. घरात खोली एकच. शेजारी शेजारी वेगळी जागा दिली की भांडणं होत नाहीत हे आता सिद्धच झालं होतं, तेव्हा मायलेकींनी खोली घेतली आणि अय्यूबची खाट ओसरीवर गेली, बरोबर पिंजरा आणि टोपल्याच्या मध्ये. अंगणातली ती घंटी जैबुनबीला फार आवडली. हाका मारून घसा कोरडा करण्यापेक्षा हे बरं, म्हणून तिने ती काढून चुलीजवळ लावून घेतली.

आता राळेगावात कोणी सकाळी त्या घरावरून गेलं तर दिसतं. टिंग वाजते, आणि अय्यूब हातातला घास हातात ठेवून थांबतो. टिंग टिंग वाजते, आणि अय्यूब उठून पाण्याला जातो. मारोतराव एकदा त्याला न्यायला आला होता. त्याने बराच वेळ ही ये-जा पाहिली आणि शेवटी विचारलं, "काहून रे अय्यूब, हे वाजोते कोन? सासू, बायको का पोपट?"

"मारोतराव," अय्यूब दोन्ही हातांत घागरी घेऊन म्हणाला, "कोनं वाजोली हे पाहाचं काम आपलं नसते."

आणि टिंग टिंग वाजली तसा तो हलला.